मागच्या कप्प्याचं दार

४ जानेवारी

ताई,

चिमणी परवा माझ्याकडे येऊन गेली. तू पाठवलेलं नाहीस, हे तिने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. मी तिला शेवटची बघितली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता चष्मा लावते, औषधांच्या दुकानात काम करते, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर काढत नाही. ही खोड तुझी. मी चहा टाकला, तो तिने घेतला नाही. पर्समधून एक छापील कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

तो कागद मला आधीच आलेला होता. आमची पाणबुडी भंगारात निघाली, म्हणून जुन्या खलाशांच्या मंडळाने गोदीच्या फाटकाशी एक काळा दगड उभा केलाय. बोटीवर मेलेल्यांची नावं त्याच्यावर कोरायची. पंचवीस फेब्रुवारीला सकाळी दहाला पडदा बाजूला करायचा, आणि तो मी करायचा, कारण त्या बोटीवर सगळ्यांत जास्त वर्षं काढून अजून दोन पायांवर चालणारा मीच उरलोय. एकोणीस वर्षं काढली मी तिथे. कागदाच्या तळाशी पाच नावं छापली होती.

"मामा, आगीत तीन माणसं गेली," चिमणी म्हणाली. "इथे त्यातल्या दोघांचीच नावं आहेत. बाबा कुठे आहेत?"

मी म्हटलं, "चौकशीत आग त्यांच्या चुकीने लागली असं ठरलं ना, बाळ. मग त्यांचं नाव इतरांच्या शेजारी कसं लावतील?"

"हे मी सहा वर्षांची असल्यापासून ऐकतेय. शाळेत मुलं मला काडेपेटी म्हणायची. तुम्ही दाराबाहेर होतात. तुम्ही सांगा काय ते."

"सरकारी कागदापुढे मी काय सांगणार?"

ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि गेली. जिन्यात तिने मागे वळून बघितलं नाही. मी तसाच कामावर गेलो. मी एका लाँड्रीत बॉयलर सांभाळतो. वाफेचा व्हॉल्व्ह वीस वर्षांत मी कधी चुकून उघडला नाही, तो त्या दिवशी उघडला आणि कोपरापर्यंत भाजून घेतलं. म्हणून अक्षर असं वेडंवाकडं आलंय.

तुझा डावा कान कसा आहे? त्या दिवशी आपलं जे झालं, ते दोघांनीही डोक्यात राख घालून घेतल्यामुळे झालं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. चिमणीला तू पाठवलं नव्हतंस, हे खरं. पण आली ते बरं झालं.

तुझा भाऊ


११ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोस्टमनच्या हातून तू ते घेतलंस. तेवढ्या भांडवलावर दुसरं लिहितोय.

तू दाजींना नेहमी विचारायचीस, खाली असतं तरी काय? ते हसून सांगायचे, "काही नाही गं, एक लोखंडी बोळ आणि पन्नास घामट माणसं." घरी खरं सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलेलं होतं. ते मोठे होते, माझे वरिष्ठ होते, आणि मीच त्यांना सुट्टीत घरी आणून तुझ्यासमोर बसवलेलं होतं. मी दाजी म्हणतो म्हणून सगळी बोट त्यांना दाजी म्हणायला लागली. एकदा कॅप्टनच्या तोंडूनही दाजी निघून गेलं, तेव्हा दोन दिवस कोणाला हसू आवरलं नाही.

आता खरं सांगतो. एका बिछान्यात दोन माणसं, एक उठला की दुसरा त्याच्याच घामात झोपायचा. अंघोळ नाही. पाचव्या दिवसापासून माणसं एकमेकांचा श्वास मोजायला लागतात. आठव्या दिवशी साखरेवरून स्वयंपाक्याने एका इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात डाव घातला. भळाभळा रक्त, सहा टाके. दाजींनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि कंपाउंडर शिवत होता. नवव्या दिवशी दोघं शेजारी बसून जेवले. असल्या गोष्टी आम्ही वहीत लिहीत नव्हतो.

माझ्या तिसऱ्या वर्षी एका जणाचं डोकं फिरलं. "मला वर जायचंय" म्हणत शिडीवर चढला आणि झाकणाचं चाक फिरवायला लागला. तेवढ्या खोल पाण्याचा दाबच झाकण उघडू देत नाही, पण त्याला कोण समजावणार? आम्ही चौघांनी पाय धरून खाली ओढला. शिडीच्या दांड्यावर त्याची हनुवटी फुटली. मग मी त्याला मारलं, ताई. तो गप्प झाल्यावरही मारत राहिलो. त्याचे दोन दात माझ्या मुठीत रुतले होते, व्रण अजून आहे. दाजींनी मला मागून कवेत आवळून बाजूला केलं आणि म्हणाले, "साल्या, तो आपलाच माणूस आहे रे." त्या माणसाला नऊ दिवस बिछान्याला बांधून ठेवलं, आणि नऊही दिवस दाजींनी त्याला चमच्याने भरवलं.

आता दाराचं सांगतो. तुला ते माहीत आहे, पण माझ्या तोंडून नाही.

खाली बरेच दिवस राहिलं की हवा संपत येते. तेव्हा रंगाच्या डब्याएवढा एक डबा पेटवायचा. आम्ही त्याला कँडल म्हणायचो. तो धुमसत राहतो आणि ऑक्सिजन सोडतो. त्याचा नियम एकच, तेलाचा थेंब लागता कामा नये. तेल लागलं की तो डबा राहत नाही, बॉम्ब होतो. कँडल पेटवायचं काम मागच्या कप्प्यात असायचं आणि ते दाजींचं. त्याआधी ते कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, एवढा वेळ की पोरं ओरडायची, "दाजी, आज ऑपरेशन कोणाचं?"

त्या दिवशी कँडल फुटली. मी पलीकडच्या कप्प्यात, इंजिनरूममध्ये होतो, दारापासून दोन पावलांवर. आधी पायाखालची जमीन उडाली, मग दारातून ज्वाळा आली आणि माझ्या भुवया गेल्या. स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला, "मागचा कप्पा बंद करा." आगीचा कप्पा बंद करायचा, आत कोण आहे विचारायचं नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. नाही केला तर पन्नासच्या पन्नास मरतात. मी दार लोटलं आणि दांडा खाली ओढला. आत दाजी होते, लांब्या होता, आणि महिन्याभरापूर्वी लग्न झालेला म्हणून ज्याला आम्ही नवरदेव म्हणायचो तो होता.

मग शांत झालं.

मी हुकूम पाळला. कोणीही असता तरी हेच करता. कॅप्टनने मला नंतर मिठी मारली होती. एवढंच सांगायचं होतं.

तुझा भाऊ


१९ जानेवारी

ताई,

मागचं पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि मला माझीच शिसारी आली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हे माझं लहानपणापासूनचं. तूच म्हणायचीस.

दार मी एका झटक्यात लावलं नाही. लावताच आलं नाही, कारण मध्ये हात होता.

दार बंद होता होता फटीतून एक हात बाहेर आला आणि चौकट धरून राहिला. आतून दाजी ओरडले, "साल्या, थांब! लांब्या येतोय, ह्याला घे!" स्वतःला घे म्हणाले नाहीत. मी खांदा लावून दार ढकलत होतो. फटीतून धूर असा येत होता की डोळे उघडे ठेवणं अशक्य, स्पीकरवर कॅप्टन ओरडत होता, आणि माझ्या पायाशी चाक फिरवायचा लोखंडी पाना पडला होता. मी तो उचलला.

पहिला घाव बोटांवर बसला. हात सुटला नाही. दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या घावाला बोटं उघडली. चौथा मारायची गरज नव्हती, तो मी का मारला ते मला माहीत नाही. हात आत गेला, दार बसलं, मी दांडा ओढला.

तो हात मी एक फुटावरून बघितलाय, ताई. बाही जळत होती, पण तळवा उघडा होता. धुतलेला. कोरडा. नखं कापलेली, साबणाने सुरकुतलेली बोटं. तेलाचा डागसुद्धा नव्हता.

आणि महिन्याभराने चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडच्या तीन साहेबांपैकी मधल्याने मला विचारलं, "कँडल हाताळताना त्यांचे हात तेलकट होते का?" मी म्हटलं, "हो साहेब. घाई होती. तसेच हात लावले त्यांनी." त्यांनी ते टाइप केलं आणि मी खाली सही केली. मला कोणी धमकावलं नव्हतं. पाणीसुद्धा दिलं होतं प्यायला.

अहवाल बाहेर आला त्या दिवशी तू माझ्या क्वार्टरवर आलीस. माझी कॉलर धरून तू एकच वाक्य म्हणालीस, "ज्या माणसाने घरात कढई उतरवायच्या आधीसुद्धा हात धुतले, त्याच्याबद्दल तू हे लिहून दिलंस?" दोघांनी डोक्यात राख घातली, असं मी लिहिलं होतं ना? खोटं आहे. तू हात उगारला नव्हतास. मी मारलं. उघड्या पंजाने, सगळी ताकद लावून, कारण तू खरं बोलत होतीस. तू भिंतीवर आपटलीस, कानातून रक्त आलं, आणि चिमणी दारात उभी होती. मी तुला उचललंही नाही. मी आत जाऊन कडी लावली.

मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे तेव्हाचे आमच्या बोटीवरचे दुसऱ्या नंबरचे साहेब, त्यांना मी लिहिलंय की दाजींचे हात स्वच्छ होते, माझी जबानी खोटी होती, दगडावर नाव घाला. त्यांच्या उत्तराची वाट बघतोय.


२ फेब्रुवारी

ताई,

अध्यक्षांचा फोन आला. दुपारी जेवायच्या सुट्टीत, लाँड्रीच्या मालकासमोर घ्यावा लागला.

"हात स्वच्छ होते तर कँडल फुटली कशी?" ते म्हणाले.

मी मालकाकडे पाठ फिरवली.

"तेल कुठून तरी लागलंच ना? मग कोणाचं? हे बघ, तू म्हातारा झालायस, बहिणीची माया दाटून आली असेल. दगड तयार आहे. जुनी मढी उकरू नकोस. मेलेल्याला काय फरक पडतो?"

मी "बरं साहेब" म्हटलं आणि फोन ठेवला. चोवीस वर्षांत मला कोणी तो प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला तो माझं तोंड बंद करण्यासाठी. आता तो तुझ्याही डोक्यात आला असेल. तेल कोणाचं?

माझं.

इंजिनरूममध्ये बसायला जागा नसते. तेलाच्या पंपाशेजारी उकिडवं बसून सहा-सहा तास काट्यांवर नजर ठेवायची. त्या फेरीत माझी कंबर गेली होती. मी मागच्या कप्प्यातल्या फळीवरून एक कँडल उचलून आणली आणि तिच्यावर बसायला लागलो. उंचीला अगदी मापात. आम्ही सगळेच कधी ना कधी असं करायचो, पण तासाभरासाठी, आणि कोरड्या जागी. मी चार दिवस बसलो. पंप ठिबकत होता. डब्याभोवती प्लॅस्टिकचं वेष्टन असतं, ते माझ्या पँटच्या बटणाने की कशाने फाटलं, आणि तेल आत गेलं असणार.

पाचव्या दिवशी डबे मोजणार असं कळलं. फाटलेला डबा दाखवला असता तर बाद झाला असता, आणि माझी सात दिवसांची रजा कापली गेली असती. सात दिवस, ताई. मी तो डबा फडक्याने पुसला, फाटलं होतं तिथे चिकटपट्टी लावली, आणि फळीवर मागच्या रांगेत नेऊन ठेवला. चिकटपट्टी मी इतकी सफाईने लावली की जोड दिसत नव्हता. असली कामं सफाईने करायला मला दाजींनीच शिकवलं होतं. तिथला दिवा मंद, हवा कमी, डोकं जड झालेलं. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला असणारच, आणि त्यांना तो चांगला दिसला.

त्यांना सांगून ठेवणार होतो, "तो मागचा वापरू नका." संध्याकाळी सांगू म्हटलं. मग माझी पाळी आली, मग जेवण, मग झोप. चार डबे पुढे होते, माझ्या हिशोबाने त्याचा नंबर परतीच्या वाटेवर येणार होता. पण बोट जास्त दिवस खाली राहिली.

म्हणजे कँडल मी बिघडवली, हात मी मोडला, दार मी लावलं, आणि दोष मी त्यांच्या नावावर लिहून दिला. चिमणीला काडेपेटी मी केलं. तिला सांग. नाहीतर नको, मीच सांगेन, सगळ्यांसमोर सांगेन. पंचवीस तारखेला माइक माझ्याच हातात देणार आहेत.

तुला यायचा आग्रह करायला माझं तोंड नाही.


१० फेब्रुवारी

ताई,

आज दोनच ओळी. लांब्याची आई अजून आहे. मी काल तिच्याकडे गेलो होतो, आधी तिला सांगावं म्हणून. पायऱ्या चढलो, तिने दार उघडलं, ओळखलं, "ये रे, माझ्या लेकाचा दोस्त ना तू?" म्हणाली आणि लांब्याचा फोटो पुसायला लागली. मी तासभर बसलो, तिच्या पंख्याचा बिघाड काढून दिला आणि काही न बोलता उतरलो. हा तुझा भाऊ. नवरदेवाच्या घरी जायची तर मला हिंमतच झाली नाही. त्याचा धाकटा भाऊ ट्रक चालवतो म्हणे, चांगला धिप्पाड आहे.

पंचवीसला जमलं नाही तर मी माणसांत जमा नाही.


१ मार्च

ताई,

जबडा तारांनी बांधलाय. नळीने पातळ काहीतरी देतात. हात चांगले आहेत, म्हणून लिहितोय. तू जे बघितलंस ते मी लिहायची गरज नाही, पण मला जे दिसलं ते लिहितो.

खुर्च्यांची पहिली रांग साहेबांची, मग घरच्यांची. तू दुसऱ्या रांगेत कडेला होतीस, राखाडी साडी, शेजारी चिमणी. मी तुला चोवीस वर्षांनी बघितलं आणि कागद हातातून पडला. अध्यक्षांना वाटलं भावना अनावर झाल्या. टाळ्या वाजल्या. मग मी पडद्याची दोरी सोडून दिली आणि माइक धरला. घोकलेलं भाषण आठवलं नाही, जे आलं ते बोललो. फाटलेलं वेष्टन, चिकटपट्टी, पाना, हात, जबानी, सगळं. दोन-तीन मिनिटं लागली असतील. अध्यक्ष माझा दंड धरून ओढत होते, तेव्हा मी त्यांना कोपर मारलं, ते खाली बसले. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

लांब्याची आई जागची हलली नाही. नवरदेवाचा भाऊ हलला. तो येताना मला दिसला आणि मी माइक खाली ठेवला, एवढं शहाणपण सुचलं. पहिला ठोसा नाकावर बसला. मी उभा राहिलो. दुसऱ्याने पडलो. मग त्याने लोखंडी खुर्ची मिटली आणि तिच्या कडेने मारायला लागला. तो रडत होता, ताई, आणि रडत रडत आपल्या भावाचं नाव घेत मारत होता. दात तोंडात सुटे झाले, रक्त घशात गेलं. कोणीतरी "अरे सोडा त्याला, मरेल तो" म्हणत होतं. तो आवाज तुझा नव्हता. तू उभी राहून बघत होतीस. बरोबर केलंस.

नंतरचं मला चिमणीने सांगितलं. दोघांच्याही घरच्यांनी अध्यक्षांना घेरलं आणि सगळ्यांत आधी लांब्याची आई बोलली, की माझ्या मुलाला बाहेर ढकलताना ज्याचा हात मोडला त्याचं नाव माझ्या मुलाच्या शेजारी पाहिजे. नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. दगड कोरणारा तिथेच होता, तो म्हणाला, जागा आहे. परवा चिमणीने फोटो दाखवला. दाजींचं पूर्ण नाव, सरळ, खोल अक्षरात. मी फोटो परत परत मागून घेतला तेव्हा नर्स वैतागली.

आणि काल तू आलीस.

वॉर्डातली भेटीची वेळ संपत आली होती. तू स्टूल ओढलंस आणि माझ्या डाव्या अंगाला बसलीस, उजवा कान माझ्याकडे येईल असं. मग तुला आठवलं की मी बोलूच शकत नाही. तुझ्या तोंडावर हसू येता येता राहिलं. थोडा वेळ तू चादरीची घडी सारखी केलीस. मग म्हणालीस, "तू दरवेळी लिहिलंस, दार लावलं आणि संपलं. एका पत्रात तर लिहिलंस, मग शांत झालं. मी त्या माणसाबरोबर अकरा वर्षं राहिले. तो गप्प बसणारा नव्हता. दार लावल्यावर तो किती वेळ ठोकत होता?"

मी कागद मागायला हात केला. तू म्हणालीस, "आता नको. लिहून पाठव. तुला लिहायची सवय झालीये."

सतरा मिनिटं, ताई.

दारासमोरच्या घड्याळाकडे मी बघत होतो, म्हणून नक्की माहीत आहे. आधी तिघं ठोकत होते, लोखंडाने. मग दोघं. मग एकटेच ते, आणि लोखंड नव्हतं, नुसता हात होता. उजवा मी मोडला होता, म्हणजे डावा. इंजिनरूममधल्या बाकीच्यांना मी मास्क आणि पाण्याचे पाइप आणायला पुढे पाठवलं होतं. दारापाशी मी एकटा होतो.

हे मी माइकवर बोललो नाही. चोवीस वर्षांत मनातसुद्धा पूर्ण वाक्यात बोललो नाही. आमचा नियम असा होता की आत कोणी जिवंत असल्याची खूण मिळाली, तर मास्क घातलेली माणसं दार उघडून आत घुसतात, मग जे व्हायचं ते होवो. ती माणसं तयार होती. पुढच्या कप्प्यात उभी होती, फक्त माझ्या उत्तरासाठी थांबली होती. नवव्या मिनिटाला स्पीकरवर कॅप्टनने मला विचारलं, "आतून ठोके येतायत का?"

डबा पेटताच माझी चिकटपट्टी सुटली असणार, आणि ते बाहेर आले असते तर पहिली गोष्ट त्यांनी तिचीच सांगितली असती. हे मला त्या क्षणी सुचलं होतं की नंतर, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. दार माझ्या पाठीला टेकलेलं होतं आणि प्रत्येक ठोका मला पाठीत लागत होता.

मी म्हणालो, "नाही, साहेब."